जोडीदाराची जीवघेणी ॲलर्जी: तुमच्या घरी कसं निभावता?

माझ्या बायकोला गव्हाची ॲलर्जी आहे, पण रोज नाही. पोळी खाऊन दुपारी आडवी झाली तर काही होत नाही. तीच पोळी खाऊन तासाभरात पर्वती चढली, किंवा पाठदुखीवर आयबुप्रोफेन घेतलं, की तळहात खाजतात, अंगभर गांध्या उठतात, ओठ सुजतात आणि बीपी पडतं. आधी कोळंबीवर संशय, मग धुळीवर. शेवटी ओमेगा-५ ग्लायडिनची (गव्हातलं एक प्रथिन) रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली तेव्हा उलगडा झाला. ‘काल तर हेच खाल्लं होतंस!’ हे वाक्य आता घरात बंद आहे.

पथ्य जमतं. जड जातो तो बेभरवसा. पंगतीत ती गप्पा मारत असते आणि मी तिच्या मानेवर लाली दिसतेय का ते बघत असतो. ती वैतागते, आणि तिचं बरोबर आहे. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी लिहा. काढे सुचवू नका, कृपया.

रत्नागिरीहून

ह्यांना गांधीलमाशी चावली की श्वास अडकतो. बागायत आमची, कलमांत गांधीलमाश्यांची पोळी असणारच. वाडीपर्यंत गाडी यायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनची अँप्युल (काचेची कुपी) आणि सिरिंज घरी ठेवायला दिली. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मी संत्र्यावर सराव केला. अँप्युलची मान मोडताना हात कापतात, म्हणून डब्यात चौकोनी घडी केलेला रुमालही असतो. बागेतल्या गड्यांनाही सांगून ठेवलंय: आधी इंजेक्शन, मग १०८ ला फोन, आणि मालकांना उभं करायचं नाही. आडवे निजवा, पाय वर घ्या. धाप लागली असेल तर पाय लांब करून बसू देत, पण चालवत रस्त्यापर्यंत न्यायचं नाही. ह्यांना आंबे सोडून घरी बस म्हणायची माझी टाप नाही.

सोलापूरहून

आमच्याकडे कारणच सापडलेलं नाही. सगळ्या तपासण्या झाल्या, कागदावर ‘इडिओपॅथिक’. नवऱ्याला मध्यरात्रीसुद्धा होतं. सासूबाई म्हणतात पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा. नुसत्या गांध्या असत्या तर लावलंही असतं. पण आवाज घोगरा झाला, उलट्या सुरू झाल्या, की मी कोणाचं ऐकत नाही. एका दवाखान्यात नुसतं ॲव्हिल (ॲलर्जीचं साधं औषध) देऊन घरी पाठवत होते. ॲव्हिलने खाज थांबते, पडलेलं बीपी वर येत नाही. मी हटून बसले आणि रात्रभर तिथेच ठेवायला लावलं. पहाटे पुन्हा सूज आली. काही तासांनी असा दुसरा झटका येऊ शकतो, हे माहीत असलेलं बरं.

लेस्टरहून

बायकोला काजू चालत नाही. इथे इंग्लंडमध्ये ॲड्रेनॅलिनचं पेन (स्वतःच टोचायचं तयार इंजेक्शन) डॉक्टर लिहून देतात आणि दोन कायम जवळ ठेवायला सांगतात, कारण पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं द्यायचं. निळं टोक आकाशाकडे, केशरी मांडीकडे, हे आमच्या मुलीलाही पाठ आहे. ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून बांधलेल्या सँडविचवरही सगळे घटक छापावे लागतात. खरी पंचाईत आपल्याच मंडळींत. ‘काजू घातलेच नाहीत हो’ म्हणतात, आणि ग्रेव्हीत वाटून घातलेले असतात! आता आम्ही डबा नेतो. लोकांना राग येतो. येऊ दे.

नाशिकहून

थोडक्यात लिहितो. बायकोला डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं. पर्समध्ये, मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर आणि माझ्या पाकिटात, तिन्हीकडे लिहिलंय. दाताच्या डॉक्टरांकडे ती आत जायच्या आधी मी आत जातो.

गव्हाचं लिहिलंत म्हणून विचारतो, हिंग कसा चालवता? त्यात मैदा असतो ना?

धागाकर्ता

बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, खरं आहे. आम्ही तांदळाच्या पिठातला शोधून आणतो, पाकीट उलटून वाचल्याशिवाय घेत नाही. सोलापूरच्या ताई, डिस्चार्जच्या कागदावर ‘ॲनाफिलॅक्सिस’ (जीवघेणी ॲलर्जी) असं स्पष्ट लिहून घ्या. पुढच्या वेळी दारातच वाद घालावा लागत नाही.

आमच्याकडे दिवसा भाकरी. पोळी फक्त रात्री, जेवल्यावर चार-सहा तास धावपळ नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्या धावपळीत ओटा आवरणं आणि भांडी घासणंही येतं, ही भर मात्र तिची.