ऐनवेळचा घोटाळा: पहिल्या 10 मिनिटांत काय केलंत?

कार्यक्रमाच्या नियोजनाच्या याद्या आपल्या सगळ्या आयोजकांकडे असतात. इथे लिहायचं ते यादीबाहेरचं. घोटाळा लक्षात कसा आला आणि पुढच्या 10 मिनिटांत कोणी काय केलं, एवढंच सांगा. क्लायंटची उणीदुणी नकोत, त्यासाठी धागा पुरणार नाही! सुरुवात माझ्यापासून.

परिषद रंगात आलेली आणि वीज गेली. जनरेटरनं लगेच भार उचलला, दिवे आले, पण आवाज गायब. सगळ्या माईकचा आवाज ज्यातून जातो तो डिजिटल मिक्सर बंद पडला की पुन्हा उभा राहायला वेळ घेतो. निवेदिकेला खूण केली. ती मंचावरून उतरली आणि पहिल्या रांगेसमोर उभं राहून मोकळ्या आवाजात श्रोत्यांचे प्रश्न गोळा करू लागली. आता मिक्सर, माईकचे रिसीव्हर आणि लॅपटॉप मी यूपीएसवरच ठेवते. दिवे गेले तर लोक थांबतात. आवाज गेला की उठतात.

---

आमच्याकडे पाऊस. मंडपाच्या छताला डावीकडे पोट सुटलेलं. हिशेब सोपा आहे: 1 चौरस मीटरवर 1 सेंटिमीटर पाणी म्हणजे 10 किलो. 3 बाय 3 मीटरच्या खणात सरासरी 10 सेंटिमीटर साचलं तर 900 किलो, तेही लोकांच्या डोक्यावर. एक उत्साही पोरगा बांबू घेऊन खालून ढोसायला निघाला होता, त्याला आधी अडवलं. कापड फाटलं असतं तर पहिला तोच सापडला असता. मग निवेदकाच्या हातात चिठ्ठी दिली: ‘डावीकडच्या मंडळींनी उजवीकडच्या मोकळ्या खुर्च्यांवर यावं, घाई नाही.’ ‘धोका’ हा शब्द त्यात मुद्दामच नव्हता. खालची जागा रिकामी झाल्यावरच मंडपवाल्याच्या माणसांनी एक कड उतरवून पाण्याला वाट करून दिली. यजमान मागे लागलेले, ‘कार्यक्रम थांबवू नका हो!’ पण किती वाऱ्याला मंडप रिकामा करायचा, तो आकडा मंडपवाल्याकडून लेखी घेतलेला होता आणि त्यावर यजमानांचीही सही होती. पावसाच्या वेळीही यजमानांना तोच कागद दाखवला. वाद मिटला.

---

प्रमुख वक्त्यांचं विमान चुकलं. मध्यंतर आधी घेतलं, बक्षिसं वर ओढली. झालं.

---

साउंडवाला बोलतोय. आयोजकांनी 2.4 गिगाहर्ट्झचे वायरलेस माईक आणलेले. रिकाम्या हॉलमध्ये तालीम झकास. हॉल भरला आणि आवाज तुटायला लागला, कारण वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालतात आणि फोन तर प्रत्येकाच्या खिशात. मुकाट्यानं वायरचा माईक नेऊन दिला. वक्त्यांना फिरत बोलायची सवय, त्यामुळे स्वारी रुसली. रुसू दे, शेवटच्या रांगेला ऐकू आलं ना.

---

लहान मूल दिसेनासं झालं. निवेदक माईकवरून नाव आणि कपड्यांचं वर्णन सांगायला निघाला होता. त्याला थांबवलं, असं वर्णन नको त्या माणसाच्याही कानावर पडतं. वॉकीटॉकीवरून फक्त दारांवरच्या माणसांना कळवलं, ‘मोठ्यांबरोबर असलं तरी विचारल्याशिवाय बाहेर सोडू नका.’ आईला एका जागी बसवून सोबत आमची एक मुलगी दिली. चिरंजीव एलईडी वॉलच्या, म्हणजे मंचावरच्या मोठ्या पडद्याच्या मागे तंत्रज्ञाच्या शेजारी बसून केबलचे रंग विचारत होते. तंत्रज्ञाकडे वॉकी नव्हता, त्यामुळे शोधाशोध चाललीय हे त्याला ठाऊकच नाही. तुम्ही मंचामागे वॉकी कोणाकडे देता?