वाईतलं वारसांचं जुनं घर घ्यायचंय, सातपैकी पाच जण तयार आहेत, पुढे जाऊ का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला आहे, थोडे पैसे साठलेत आणि नवीन स्कीममधे फ्लॅट बुक करण्यापेक्षा तालुक्याच्या गावातली बंद पडलेली जुनी घरं घ्यायची, नीट दुरुस्त करायची आणि विकायची किंवा भाड्याने द्यायची असा विचार आहे. वाईत घाटाच्या मागच्या गल्लीत एक घर बघितलं. दगडी जोतं, माजघर, वर माडी, मागे परस आणि आड. कौलं बरीच सरकलीत, मागच्या भिंतीला ओल आहे, पण खांब आणि तुळया सागवानी आहेत. प्रॉपर्टी कार्ड अजून वारलेल्या वडिलांच्याच नावावर, आईही गेल्या. चार भाऊ, तीन बहिणी. चारही भाऊ आणि एक बहीण तयार आहे, एक बहीण इंदूरला असते तिच्याशी कुणाचं बोलणं नाही, आणि एक बहीण वारली आहे. २८ लाख म्हणतायत, एजंट म्हणतो आत्ता ३ लाख टोकन द्या, पाच सह्या घेऊन टाकू, बहिणींचं नंतर बघून घेऊ. गावात रेट याच्या बराच वर आहे म्हणून हातचं जाईल अशी भीती वाटते. आणि दुसरं म्हणजे बँकेच्या लिलावातल्या फ्लॅटबद्दल कुणाला माहिती असेल तर तेही सांगा, तिकडे पण स्वस्त मिळतं म्हणतात.

दस्तवाला_सातारा:
दादा, ३ लाख देऊ नका, आत्ता एक रुपयाही देऊ नका. पाच जणांनी सह्या केल्या तर तुम्हाला फक्त त्या पाचांचा अविभक्त, म्हणजे वाटणी न झालेला, हिस्सा मिळणार. कुटुंबाच्या राहत्या घरातला असा हिस्सा बाहेरच्याने घेतला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला घरात एकत्र ताबा मागता येत नाही, वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि तुम्ही दावा लावला की १८९३ च्या पार्टिशन ॲक्टचं कलम ४ पुढे येतं, म्हणजे घरातलाच वाटेकरी कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तुमचा हिस्सा विकत मागू शकतो. त्यात हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ पण आहे, वारस आपला हिस्सा विकायला निघाला तर बाकीच्या वारसांना तो आधी घ्यायचा हक्क असतो. इंदूरच्या ताईंनी यातलं एक जरी धरलं तरी तुमचे पैसे कित्येक वर्षं अडकून बसतील.

तुम्हाला स्वस्त दिसतंय ते याच कारणाने. किंमत कमी आहे कारण कुटुंबाला एकत्र आणायचं काम अजून कुणी केलेलं नाही. ते काम आधी झालं पाहिजे आणि पैसे त्याच्यानंतर.

क्रम सांगतो. पहिलं, भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून ताजी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा आणि त्यातल्या जुन्या नोंदी एकेक करून वाचा, कुठे बोजा म्हणजे कर्जाची नोंद आहे का, कुठे भाडेकरू आहे का. मग सगळ्या वारसांची वारस नोंद त्यांनाच करायला लावा. नोंद झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली असं मात्र धरू नका, ती सरकारी दप्तरासाठी असते, सुप्रीम कोर्टाने हे कितीतरी वेळा सांगितलंय. म्हणून वकिलाकडून तीस वर्षांच्या दस्तांचा शोध, म्हणजे सर्च रिपोर्ट, आणि पेपरला जाहीर नोटीस. त्यानंतर सगळ्यांच्या सह्यांचं नोंदणीकृत साठेखत (विक्रीचा करार), आणि प्रत्येक वारसाची रक्कम त्याच्या त्याच्या खात्यात, दस्तात खाते क्रमांकासकट. "सगळे थोरल्याकडे द्या, तो वाटेल" हे कुणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी करायचं नाही.

सुलभाताई:
मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे माहेरची मुलगी. आमच्याकडेही घर विकलं गेलं. माझ्या आत्याला सांगितलं की वारस नोंदीसाठी सही लागते, रजिस्ट्रार ऑफिसला चल, आणि तिने केली ते हक्कसोडपत्र निघालं. तिला वाचता येत होतं हो, पण चष्मा घरी, मागे रांग आणि भाऊ घाई करतोय. रागावून ती पुढे माहेरी आलीच नाही. म्हणून कृष्णाकाठ, तुम्हाला मनापासून सांगते, "बहिणींचं बघून घेऊ" म्हणणाऱ्या एजंटवर विसंबू नका, इंदूरच्या ताईंना तुम्ही स्वतः फोन करा, शक्य असेल तर जाऊन भेटा. किंमत किती ठरली आणि त्यांच्या वाट्याला किती येणार हे त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या. बऱ्याच वेळा बहिणींचं भांडण पैशाचं नसतं, विचारलंच नाही याचं असतं.

आणि मुलींचा हक्क आता तरी लोकांनी नीट समजून घ्यावा. वडिलांची स्वतःची मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल तर १९५६ पासूनच मुलीला मुलाइतका वाटा आहे. वडिलोपार्जित असेल तर महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला वारसा कायद्यात मुलींसाठी दुरुस्ती झाली आणि २०२० मधे सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की २००५ ला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. "आमचं तोंडी वाटप कधीच झालंय" हे सहसा चालत नाही, २० डिसेंबर २००४ च्या आधीचं नोंदणीकृत वाटपपत्र किंवा कोर्टाचा हुकूम असेल तर तेवढं दाखवा म्हणावं.

कृष्णाकाठ:
ताई, दादा, खूप आभार. टोकन थांबवलंय. जी बहीण वारली तिचं काय? तिचे मिस्टर आणि दोन मुलं मिरजेत आहेत, भाऊ म्हणतात त्यांचा काही संबंध नाही.

दस्तवाला_सातारा:
संबंध आहे. आधी कोण गेलं ते विचारा आणि मृत्यूचे दाखले तारखेने लावून बघा. वडील आधी गेले असतील तर बहिणीचा हिस्सा तेव्हाच तिच्याकडे आला, आणि तो तिच्यामागे मुलांना आणि नवऱ्यालाही मिळतो, म्हणजे तिघांच्या सह्या. ती वडिलांच्या आधी गेली असेल तर तिच्या मुलांना तिचा वाटा मिळतो पण नवऱ्याला नाही. मूलबाळ नसतं तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वडिलांकडून आलेला हिस्सा परत वडिलांच्या वारसांकडे गेला असता. आईचाही एक हिस्सा होता, त्या कधी गेल्या तेही धरा. एक जण अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर पालकाने नुसती सही करून भागत नाही, कोर्टाच्या परवानगीचं वकिलाला आधीच विचारा. बहिणींची नावं माहेरची वेगळी, आधारवर सासरची वेगळी असतात, त्याचे पुरावे आत्ताच गोळा करायला सांगा, दस्ताच्या दिवशी तिथेच अडतं.

अशी घरं सापडतात कशी हेही विचारणार असाल. वेबसाईटवर फार येत नाहीत. उत्सवाला जा. वाईत कृष्णाबाईचा उत्सव, जवळ बावधनचं बगाड, तेव्हा मुंबई-पुण्याची मंडळी घरी येतात, कुलूप उघडतं, सगळे भाऊ एका ठिकाणी असतात. कोकणात गणपती आणि शिमगा. किराणावाला आणि देवळातले गुरव यांना कुठलं घर किती वर्षं बंद आहे ते पक्कं माहीत असतं.

वसुलीवाला:
लिलावाबद्दल लिहितो, मी याच कामात होतो. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जाच्या वसुलीच्या कायद्याखाली, बँक आधी ६० दिवसांची नोटीस देते, मग ताबा, मग लिलाव. जाहिरातीत पहिला शब्द शोधायचा तो ताब्याचा. "प्रतीकात्मक ताबा" लिहिलं असेल तर आत बहुधा कर्जदार राहतोय, जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमाने त्याला बाहेर काढायचं अजून बाकी आहे, आणि तो डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) गेला असेल तर अजून लांबतं. पैशाचं गणितही आधी बघा. बोली लागली की अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, उरलेले ७५ टक्के विक्री मंजूर झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळाली तरी तीन महिन्यांच्या पुढे नाही. नाही भरले तर भरलेले पैसे जातात. गृहकर्ज काढून घेणाऱ्यांची इथेच तारांबळ उडते. सगळं "जसे आहे जेथे आहे" तत्त्वावर असतं म्हणून सोसायटीची थकबाकी, घरपट्टी, लाईट बिल जाऊन स्वतः विचारायचं.

शेणवी_पेडणे:
कोकण किंवा गोव्याकडे वळणार असाल तर दोन गोष्टी. महाराष्ट्रात घराभोवती वाडी असेल आणि सातबारा शेतीचा असेल तर शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही, नुसतं घर बघून भुलू नका. गोव्यात नवरा-बायकोची मिळकत सहसा सामाईक असते, त्यामुळे प्रत्येक वारसासोबत त्याच्या जोडीदाराचीही सही लागते आणि वाटणी सहसा कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मिळकतीची यादी, करून होते. जुन्या घरांत पोर्तुगालला गेलेले वारस निघतात, त्यांची मुखत्यारपत्रं येईपर्यंत दम धरावा लागतो. वारस एनआरआय असला की टीडीएस पण नेहमीचा एक टक्का नाही, बराच जास्त कापावा लागतो. नाही कापला तर जबाबदारी तुमची, सीएला विचारल्याशिवाय रक्कम सोडू नका.

कृष्णाकाठ:
इंदूरच्या ताईंशी बोललो. त्या म्हणाल्या, भावांपैकी कुणी फोन केला असता तर एवढं ताणलं नसतं. वाईला यायला तयार आहेत, फक्त आईचं तांब्याचं घंगाळ त्यांना हवंय, ते माडीवरच आहे, मी पाहिलंय. थोरल्या भावाला सांगितलं, ते लगेच हो म्हणाले. मिरजेच्या भाच्यांना पुढच्या आठवड्यात भेटतोय.

दस्तवाला_सातारा:
छान केलंत. आता दस्त होईपर्यंत एकदा भर पावसात घर बघून घ्या, छत्री घेऊन माडीवर जा आणि पाणी कुठून येतं ते बघा. तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे सुताराला टोचून बघायला लावा, वाळवी मधे दिसत नाही, टोकाला असते. आणि दोन वर्षांच्या आत विकलंत तर नफा तुमच्या नेहमीच्या स्लॅबने करपात्र होईल, दुरुस्तीची बिलं जपून ठेवा.