स्विफ्टला १६ इंची अलॉय बसवू का? दुकानदार म्हणतो "४ होल आहेत ना, बसतंय की"

नमस्कार मंडळी, माझी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, लोखंडी रिम आणि १६५/८० आर१४ टायर. टायर संपलेत, म्हटलं बदलतोय तर अलॉयपण टाकून घेऊ. कोल्हापुरात एका दुकानात १६ इंची ६.५जे (म्हणजे साडेसहा इंच रुंद) रिम बघितली, दिसायला एक नंबर, आतून ऑफसेट ३५ लिहिलंय. बसेल का विचारलं तर म्हणाला ४ होल आहेत ना, बसतंय की. पण घरी आल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. महिन्यातून दोनदा आंबा घाटातून रत्नागिरीला जाणं असतं, चार माणसं आणि डिकी फुल. नक्की काय बघायचं असतं?

घाटमाथा: भाऊ नुसते होल मोजून रिम घेऊ नकोस. स्विफ्टचा पीसीडी ४x१०० आहे, म्हणजे ४ होल आणि समोरासमोरच्या दोन होलच्या केंद्रांमध्ये १०० मिमी अंतर. फियाट पॅलिओलाही ४ होलच आहेत पण ते ४x९८, डोळ्याला फरक कळत नाही, नट मात्र तिरके बसतात. दुसरं म्हणजे मधलं भोक. स्विफ्टचा हब (गाडीचा मधला गोल भाग, ज्यावर रिम बसते) ५४.१ मिमी, बाहेरच्या बऱ्याच रिमला ६७ नाहीतर ७३ चं भोक असतं, त्यात मधली फट भरणारी हब रिंग टाकलीच पाहिजे. माझ्या आधीच्या गाडीला रिंग न टाकता बसवून दिली होती, ९० च्या पुढं स्टिअरिंग थरथरायचं, तीनदा बॅलन्सिंग केलं, शेवटी साध्या प्लास्टिकच्या रिंगनं गेलं.

नटबोल्ट_सातारा: नटचं पण बघा. मारुतीचा नट १२x१.२५ (१२ मिमी जाडी, आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी), होंडाचा १२x१.५. चुकीचा नट दोन आटे जातो मग अडकतो, आणि कारागीर नट आवळायची गन लावून दाबतो तेव्हा स्टडची (नट ज्यावर बसतो त्या बोल्टची) वाट लागते. आधी हातानं पूर्ण फिरवायला सांगा. आणि ५०-१०० किमी चालवल्यावर परत टाइट करून घ्या, हे कुणीच करत नाही.

घाटमाथा: हो हे बरोबर. आता ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे ते; आकडा कमी तितकी रिम बाहेर येते. जुन्या रिमवर आकडे कोरलेले असतात ते वाच. समजा ५जे आणि ४५ निघालं, तर ६.५जे ३५ मध्ये रिमची बाहेरची कड २९ मिमी बाहेर येणार आणि आतली ९ मिमी आत सरकणार. रिकाम्या गाडीत काही कळणार नाही, पण चार माणसं बसून घाटात वळणावर मागची बाजू दबली की टायर मडगार्डच्या कडेला घासणार. ही रिम तू घेऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

कोकणची_वाट: टायरची एकूण उंची जुळली पाहिजे नाहीतर स्पीडोमीटर चुकतो. तुझा आत्ताचा ६१९.६ मिमी. १८५/६५ आर१५ चा ६२१.५, १९५/५५ आर१६ चा ६२०.९, दोन्ही चालतील. पण साइडवॉल (टायरच्या बाजूच्या रबराची उंची) बघ, आत्ता १३२ मिमी आहे, १५ ला १२०, १६ ला १०७. पावसाळ्यात पाण्यानं भरलेला खड्डा दिसत नाही तिथं हेच रबर रिम वाचवतं. लोड इंडेक्सपण बघ, जुना ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलोपर्यंत वजन पेलतो, त्याच्या खाली जायचं नाही. वरच्या मॉडेलला कंपनीच १८५/६५ आर१५ देते, मी तरी तेच घेईन.

मूळ प्रश्नकर्ता: खूप खूप आभार सगळ्यांचे, १६ कॅन्सल. १५ इंचीच बघतो, ऑफसेट जुन्याच्या जवळपासचा. फक्त एक, स्टेपनी १४ चीच राहिली तर चालेल का?

नटबोल्ट_सातारा: उंचीत जेमतेम २ मिमीचा फरक आहे, पंक्चरच्या दुकानापर्यंत आरामात जाशील, फक्त हळू चालव. पण अलॉयला वेगळे नट दिले तर जुने ४ नट डिकीत ठेव, लोखंडी स्टेपनीला तेच लागतील.