आईचं अंग बाहेर येतंय, ऑपरेशनच करावं लागेल का?

कापूसवाली_लेक:
आई ५४ची, आम्ही चोपड्याकडचे. चार बाळंतपणं, चारही घरीच, आणि अजून कापूस वेचायला जाते. सकाळी काही नसतं पण संध्याकाळपर्यंत खाली लिंबाएवढा गोळा लागतो, लघवी पूर्ण होत नाही, पाच मिनिटांनी परत जावं लागतं. दोन वर्षं लपवलं, विचारलं की "काही नई माय, व्हई जाई बरं". जळगावच्या मॅडम म्हणाल्या योनीची पुढची भिंत सैल होऊन पिशवी खाली आलीये, दुसरी स्टेज, रिंग बसवा नाहीतर ऑपरेशन. कॅन्सर तर नाही ना हा? आणि वेचणी दिवाळीला सुरू होते, तोवर बरी होईल का?

यावलची_सून:
कॅन्सर नाही गं ताई. सासूबाईंना सिलिकॉनची रिंग आहे, पेसरी म्हणतात. पहिली संडासला बसल्यावर निघून पडली 😄 मग मोठी बसवली. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात काढून धुऊन परत बसवतात, घासून जखम होऊ नये म्हणून आत लावायचं क्रीम पण दिलंय.

धुळेकरीण:
माझं ऑपरेशन झालंय. आधी नीट विचार कोणती पिशवी, आपल्याकडे पिशवी म्हटलं की सगळे गर्भपिशवीच समजतात. लघवीची खाली आली म्हणून गर्भपिशवी काढलीच पाहिजे असं नसतं, माझी आहे अजून. भिंतीला टाके घालतात, ते आपोआप विरघळतात. दोन दिवस लघवीची नळी, महिनाभर थोडं डागाळत होतं. ६ आठवडे वजन नाही, संबंध नाही, कुंथायचं नाही म्हणून रोज इसबगोल. मी चौथ्या आठवड्यात शहाणपणा करून भरलेला हंडा उचलला आणि रक्त बघून घाबरले. भिंतीला आधार म्हणून जाळी टाकू म्हणाले तर का ते विचार, या त्रासासाठी योनीतून टाकायच्या जाळीची विक्री अमेरिकेत एफडीएनं (तिथली औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) २०१९ मध्ये बंद केली. आणि ऑपरेशननंतरही परत खाली येऊ शकतं हं.

फिजिओ_नंदुरबार:
व्यायाम सुरू करा. लघवी रोखतो तसे स्नायू आवळून ८-१० सेकंद धरायचे, १० वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. गोळा पूर्ण जाईलच असं नाही पण जडपणा कमी होतो. जुना खोकला असेल तर तो आधी बघा. आणि वेचताना कमरेला बांधलेली कापसाची ओटी गच्च भरू देऊ नका, अर्धी झाली की रिकामी करायची. लघवी अजिबातच होईना तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

कापूसवाली_लेक:
रिंगला तयार झाली, ऑपरेशन वेचणीनंतर बघू म्हणते. ओटीचं सांगितलं तर म्हणे किलोवर पैसे मिळतात, अर्धी ओटी घेऊन फेऱ्या कोण मारेल.