मदत हवी आहे: गावात गांजा किती जण ओढतात, हे विचारायचं कसं?

एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या तरुणांचं गांजाचं व्यसन. हौसेनं मीच निवडला, आता निस्तरतोय.

पहिल्या फेरीत 31 घरं केली. ओळखीसाठी सोबत आशाताई. 31 पैकी 31 उत्तरं 'नाही'. एक आजी तर भडकलीच, "काहून रे बाबू, आमचं घर तुले गांजेकसायचं दिसते काय?" संध्याकाळी नाल्याकडं चिलीम फिरते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण आशाताईंसमोर आणि बापाच्या देखत कोण कबूल करणार? चूक माझीच.

मग वॉर्नर यांनी 1965 मध्ये मांडलेल्या पद्धतीचा सोपा प्रकार वापरून पाहिला. पोरानं मला न दाखवता नाणं उडवायचं. छापा आला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा आला तर खरं सांगायचं. म्हणजे 'हो' नाण्याचा की खरा, हे मलाही कळत नाही. 100 पैकी 60 'हो' आले, तर साधारण 50 नाण्याचे; उरलेल्या 50 मधले 10 खरे, म्हणजे 20 टक्के. कागदावर झकास. पानठेल्यावर मात्र एक पोट्टा खर्रा घोटत म्हणाला, "मी ओढतच नाही त हो कायले म्हनू?" शिवाय माझ्याकडं पोरं जेमतेम 40. तेवढ्यावर स्टँडर्ड एररच, म्हणजे अंदाज किती डळमळीत त्याचं माप, 15 टक्क्यांच्या घरात जातो.

मार्गदर्शक म्हणतात ओढणाऱ्या पोरांनाच कूपनं वाट, एकानं पुढच्या तिघांना आणायचं. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय अहवालासाठी घरोघरच्या पाहणीसोबत हीच साखळी वापरली होती. पण एवढ्याशा गावात खिशात कूपन सापडणं म्हणजे गांजेकस असल्याचा दाखलाच की! साखळीही एकाच कट्ट्यावर फिरत राहील. इतक्या लहान गावात कुणी ही पद्धत राबवली आहे का? की आकड्याचा नाद सोडून मुलाखतींवरच भर देऊ?

दुसरी अडचण जास्त छळतेय. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यानं सेवन हाही गुन्हा आहे. म्हणून प्रश्नावलीत नाव-गाव काही लिहीत नाही. पण संमतीपत्रावर सही लागतेच, म्हणजे पोराला अडकवू शकेल असा एकमेव कागद मीच तयार करतोय. तोंडी संमती नैतिकता समितीच्या गळी कुणी उतरवली असेल, तर अर्जात नेमकं काय लिहिलं होतं ते सांगा. समितीची बैठक सोमवारी आहे.