विषय: छोट्या विमानाने हरणाच्या शिकारीला – कुणी गेलंय का?

प्रेषक: नॉर्थ शोअर, ऑकलंड

नमस्कार मंडळी,

विषय जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या. ऑफिसातल्या एका किवी मित्राने एप्रिलमध्ये हरणाच्या शिकारीला बोलावलंय. टाउपोहून छोट्या विमानाने कायमानवा फॉरेस्ट पार्कात बॉइड एअरस्ट्रिपवर उतरायचं, हटमध्ये राहायचं आणि दिवसभर बुशमध्ये सिका हरणांमागे फिरायचं. गडांवर खूप भटकलोय, पण रायफल फक्त एनसीसीत हातात घेतली होती. इथलं लायसन्स नाही. तो म्हणतो, "माझ्यासोबत असलास की चालतं." घरी अजून होकार मिळालेला नाही. आपल्यापैकी कुणी अशा ट्रिपला जातं का?

प्रेषक: बापू, हॅमिल्टन

अरे जा की! पण काही गोष्टी मित्राशी आधीच बोलून घे.

लायसन्सचं त्याने सांगितलं ते खरं, पण अर्धंच. लायसन्सवाल्याच्या थेट देखरेखीखाली तुला रायफल वापरता येते. थेट म्हणजे तो हाताच्या अंतरावर हवा, आणि तेव्हा त्याच्या स्वतःच्या हातात दुसरी रायफल नको. "तू त्या धारेने जा, मी ओढ्याने येतो" हे चालत नाही. म्हणून माझं सरळ मत: दोघांत एकच रायफल न्या. तुझ्याकडे लायसन्स असतं तरी पहिल्या वेळी हेच सांगितलं असतं.

कारण सांगतो. बॉइडच्या आसपास नदीकाठी गवताची मोकळी पठारं आहेत, पण सिका तिथे उजेडी फार वेळ थांबत नाही. ते बीच नावाच्या झाडांच्या रानात आत असतं, आणि आत पेपरवुड नावाचं झुडूप माजलेलं. माओरीत त्याला होरोपिटो म्हणतात. पानांवर लालसर डाग असतात. एक पान चावून बघ, मिरीसारखं झणझणतं. त्या तिखटपणामुळे हरणं त्याला तोंड लावत नाहीत. बाकीचं कोवळं सगळं खाऊन टाकतात, मग हेच उरतं आणि छातीएवढं वाढतं. अशा ठिकाणी वीस-तीस मीटरवर जनावर असलं तरी अख्खं दिसत नाही. दिसतो एक कान, पाठीचा तुकडा, नाहीतर नुसती हललेली फांदी. एप्रिलच्या मध्याला नर माजावर येतात, ओरडतात, आणि शिकारीही तोंडाने किंवा पुंगीने तसाच आवाज काढतात. म्हणजे आवाज हरणाचा, हालचाल झुडपात, आणि माणूस मात्र तुझा मित्र! इथे माणसाला हरीण समजून गोळी सुटते तेव्हा ती बऱ्याचदा आपल्याच गटातल्या माणसाला लागते, कारण आसपास तोच असतो.

इथल्या बंदूक-सुरक्षेच्या सात नियमांतला चौथा याचसाठी आहे: लक्ष्य निःसंशय ओळखल्याशिवाय गोळी नाही. डोकं, मान, खांदा असं जोडून एक पूर्ण जनावर दिसलं पाहिजे. तेही दुर्बिणीतून बघायचं, रायफलीवरच्या स्कोपमधून नाही. स्कोपमधून बघायचं म्हणजे समोर जे काही असेल त्यावर नळी रोखायची. दोन रायफली असल्या आणि जोडीदार नजरेआड झाला, तर तो सापडेपर्यंत शिकार बंद, गोळी बाहेर. एकच रायफल असली की हा हिशेबच उरत नाही, आणि विमानात वजनही वाचतं.

दोघांनीही भडक नारिंगी जाकीट घाला. हरणाला तो रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही. त्याला वास लागतो, म्हणून वारा तोंडावर ठेवून चालायचं. इतकं हळू की तुझ्यासारख्या गड चढणाऱ्याला कंटाळा येईल. सिका फार सावध. तुला ते दिसण्याआधी बहुधा त्यानेच तुला पाहिलेलं असतं. मग पाय आपटतं, कर्कश शीळ घालतं आणि जातं. दिवसचे दिवस नुसती ती शीळ ऐकून परत यायची तयारी ठेव.

राहिलं विमान. ढग खाली आले की पायलट येत नाही, आणि त्याने यावं असा आग्रहही धरायचा नाही. दोन दिवसांचं जास्तीचं खाणं आणि सोमवारची मोकळी सुट्टी हवीच. घरी आधी सांगून ठेव, की ठरल्या दिवशी आलो नाही तर पहिला संशय हवामानावर घ्यायचा. बीकन (संकटात मदतीचा इशारा पाठवणारं यंत्र) सोबत न्या. डॉकचं, म्हणजे इथल्या निसर्ग-संरक्षण खात्याचं, परमिट फुकट मिळतं. परमिट काढताना तिथे उंदीर-पोसम मारायचं १०८० नावाचं विष कधी टाकलंय किंवा टाकणार आहेत तेही बघा, कारण विषाच्या भागातलं मटण खायचं नसतं.

– बापू

प्रेषक: ताई, वेलिंग्टन

बापू, तुमच्या माहितीबद्दल आदर आहे. पण भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं आपण कौतुक करायचं आणि इथे आलो की लगेच बंदूक खांद्यावर? माजावर आलेल्या जनावराला त्याच्याच आवाजाने फसवून मारण्यात मर्दुमकी कसली, मला कळत नाही. निदान मंडळाच्या लिस्टवर हे कौतुकाने नको.

प्रेषक: पामरस्टन नॉर्थ

ताई, मर्दुमकीबद्दल सहमत. पण कायद्याची तुलना इथे बसत नाही. तिकडे हरीण वाघाचं भक्ष्य, रानाचा भाग. या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नव्हता. हरणं साहेबाने हौसेने आणली. सिका १९०५ मध्ये इंग्लंडहून, ड्यूक ऑफ बेडफर्डच्या कळपातून आलं. त्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पाठवलेले वापिटी (मोठ्या जातीची हरणं) दक्षिणेत फिओर्डलँडमध्ये सोडले. आपला चितळही आणला होता, तो टिकला नाही. सांबर मात्र टिकलं! १८७५ मध्ये श्रीलंकेतून इथे मानावाटूत आलं, त्याचे वंशज अजून आहेत. वाघ कुणी आणला नाही (बरंच झालं). मग रान खाऊन फस्त व्हायला लागलं तेव्हा १९३० मध्ये हरणांचं संरक्षण काढून घेतलं आणि सरकारने पगारी शिकारी नेमले. बापूंनी पेपरवुडचं सांगितलं ना, ते त्याचंच चिन्ह.

मी स्वतः जात नाही, जाणारही नाही. रक्त बघवत नाही. पण जाणाऱ्याला नावं ठेवत नाही.

प्रेषक: ताई, वेलिंग्टन

सांबराचं माहीत नव्हतं. माझा मुद्दा आनंद कशात मानायचा याबद्दल होता, तो तसाच आहे. पण जाणारच असशील तर बापूंचं एका रायफलीचं ऐक, बाबा.

प्रेषक: कार्यकारिणी

दोन जणांनी खासगीत विचारलंय, म्हणून सगळ्यांसाठी: हौशी शिकारीचं मटण विकता येत नाही, ते घरी खायचं किंवा मित्रांना असंच द्यायचं. मंडळाच्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमात ते वाढलं जाणार नाही. कृपया आग्रह करू नये.

प्रेषक: नॉर्थ शोअर, ऑकलंड

सगळ्यांचे आभार. बापूंची मेल घरी वाचून दाखवली. चौथ्या नियमापर्यंत चेहरा पडला होता, एका रायफलीवर जरा खुलला. मित्रालाही विचारलं. तो म्हणाला, "मी तेच सुचवणार होतो, पण तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो." म्हणजे माणूस बरा आहे. हरीण समोर आलं तर मी गोळी झाडीन की नाही, हे मलाच ठाऊक नाही, हेही त्याला सांगून टाकलं. त्याची हरकत नाही.

खायला काय न्यावं?

प्रेषक: बापू, हॅमिल्टन

मेतकूट-भात, थालीपिठाची भाजणी, भरपूर चिवडा. तुपाची बरणी काचेची नको. गॅसचे डबे किती आहेत ते पायलटला आधी सांगा, नाहीतर धावपट्टीवरच काढून ठेवावे लागतील. परतीला मटणाचं वजन धरावं लागतं, तेही आधी बोलून घ्या. आणि पातळ सुती कापडाच्या पिशव्या ने. एप्रिलमध्येही दुपारी माश्या असतात. मटण उघडं टांगलंस तर संध्याकाळपर्यंत वाया.