मास्टर प्रोरेसमध्येच मागता, मग एन्कोडर सगळ्यांना का नाही?

टाइमलाइनकर
तयार व्हिडिओच्या डिलिव्हरीच्या अटींत 'मास्टर प्रोरेस ४२२ एचक्यू', म्हणजे अंतिम फाइल अ‍ॅपलच्या प्रोरेस फॉरमॅटमध्येच, हे आता ठरूनच गेलंय. फॉरमॅटबद्दल तक्रार नाही. १० बिट रंग, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, टाइमलाइनवर मागेपुढे करताना मशीन अडखळत नाही. माझा आक्षेप परवान्यावर आहे. अ‍ॅपलने हा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) २००७ मध्ये आणला. विंडोजवरच्या प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रोरेस एक्स्पोर्ट यायला २०१८ साल संपत आलं. मधल्या काळात विंडोजवर काम करणारे शेवटच्या रेंडरपुरता मॅक शोधत फिरायचे. डिकोडिंगचं, म्हणजे फाइल वाचायचं, वर्णन एसएमपीटीई या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या आरडीडी ३६ या दस्तऐवजात २०१५ पासून जाहीर आहे. म्हणजे फाइल वाचायला मोकळीक, पण अधिकृतपणे लिहायची तर अ‍ॅपलला विचारा. सगळ्या धंद्याने जो फॉरमॅट सक्तीचा केलाय, त्याचा एन्कोडर, म्हणजे फाइल लिहिणारं सॉफ्टवेअर, असा एका कंपनीच्या मर्जीवर असू नये.

क्यूसीवाला
असहमत. माझं कामच फायली तपासायचं आहे. परवाना नसलेल्या एन्कोडरमधून आलेल्या फायलींत रंगाचे टॅग (रंग कसे दाखवायचे ही नोंद) कोरे असतात आणि तेच चित्र एका प्लेयरमध्ये फिकट, दुसऱ्यात गडद दिसतं. प्रसारणाच्या आदल्या रात्री हे निस्तरायला कुणाला बोलावायचं? परवानाधारक उत्पादनामागे निदान जबाबदार कुणीतरी उभं असतं. आणि पर्याय नाही असंही नाही. अ‍ॅव्हिडचा डीएनएक्सएचडी कोडेक व्हीसी-३ या नावाने एसएमपीटीईचं मानक झालाय, त्याच घराण्यातला डीएनएक्सएचआर मॅकवरही बनतो, विंडोजवरही.

टाइमलाइनकर
एफएफएमपेग या परवाना नसलेल्या मोफत एन्कोडरला कमांडमध्ये प्राइमरीज, ट्रान्सफर आणि मॅट्रिक्स हे रंगाचे तपशील सांगा, टॅग नीट उतरतात. ते न सांगणं ही वापरणाऱ्याची चूक, एन्कोडरची नव्हे. त्याच एन्कोडरमध्ये 'व्हेंडर' नावाचा पर्याय आहे तोही बघा. काही सांगितलं नाही तर फाइलमध्ये 'एल-ए-व्ही-सी' ही चार अक्षरं जातात. त्याजागी 'ए-पी-एल-०' दिलं की फाइल अ‍ॅपलच्या एन्कोडरची असल्याचा दावा करते. चित्रातला एक पिक्सेलही बदलत नाही! एखादी तपासणी या चार अक्षरांवरून फाइल परत पाठवत असेल, तर ती दर्जा तपासत नाही, शिक्का तपासते.

पेंग्विनपंथी
तुम्ही दोघं मास्टरवर भांडताय, आमची गाडी त्याच्या आधीच अडते. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत लिनक्सवर कॅमेऱ्याची एच.२६४ कोडेकमधली फाइलसुद्धा उघडत नाही, आधी रूपांतर करत बसा. पेटंटच्या भीतीने फेडोरा या लिनक्सने २०२२ मध्ये एच.२६४ आणि त्यापुढच्या एचईव्हीसी कोडेकचं हार्डवेअर डिकोडिंग मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरमधून काढून टाकलं. एचईव्हीसीची पेटंटं तर एमपीईजी एलए, एचईव्हीसी अ‍ॅडव्हान्स, वेलॉस मीडिया अशा वेगवेगळ्या गटांत वाटली गेली, शिवाय काही मालक कुठल्याच गटात नाहीत. त्यामानाने एकाच कंपनीशी बोलणी करणं परवडलं.

क्यूसीवाला
हेच म्हणतोय मी. आणि मोकळा कोडेक हवाच होता ना? गोप्रोने २०१७ मध्ये आपल्या सिनेफॉर्म कोडेकचा सोर्स कोड खुला केला. १० बिट, दर्जा उत्तम. तरी डिलिव्हरीच्या अटीत तो मला अजून दिसलेला नाही. लोक परवाना बघून फॉरमॅट निवडत नाहीत, समोरच्याकडे बिनबोभाट चालेल ते निवडतात.

टाइमलाइनकर
सिनेफॉर्मचा मुद्दा बरोबर आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. नुसता सोर्स खुला करून भागत नाही, मागणाऱ्याने अट बदलावी लागते. डीएनएक्सएचआर तुम्हीच पुढे केलात, एचक्यूएक्स हा त्याचाच वरच्या दर्जाचा प्रकार, मग तुमच्या अटीत 'प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स' एवढं लिहायला हरकत काय?

क्यूसीवाला
माझी हरकत नाही. पण पुढच्या साखळीतल्या प्रत्येक सर्व्हरवर ती फाइल चालवून बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. दोन्ही फॉरमॅटमध्ये एकाच टाइमलाइनच्या टेस्ट फायली द्या, टॅगसकट.